काशिनाथकाकांचा दुसरा गिअर

आमच्या गल्लीत दूधवाला एखाद्या दिवशी येणार नसला, तर बाकीच्या घरी तो हाक मारून सांगतो. काशिनाथकाकांच्या घरी त्याला अर्ज द्यावा लागतो. 'उद्या म्हशीला डॉक्टर येणार असल्याने दूध मिळणार नाही,' असं स्वतःच्या हातानं लिहून, खाली सही करून. काका तो कागद दोनदा वाचतात, कोपऱ्यात तारीख टाकतात आणि फाइलला लावतात. फाइलवर लिहिलंय, 'दूध (आवक)'.

"तोंडी नको, लेखी द्या," हे काकांचं आवडतं वाक्य. छत्तीस वर्षं त्यांनी भूकरमापक म्हणून लोकांच्या जमिनी मोजल्या. त्या खात्यात तोंडी शब्दावर विसंबणारा माणूस पेन्शनपर्यंत पोचत नाही म्हणे. काकू नातवाला सांभाळायला पुण्याला मुलाकडं गेल्या, त्याला तीन वर्षं झाली. "कधी येणार ते तिनं बी लेखी दिलेलं नाय," असं काका म्हणतात, आणि आपण हसायचं की नाही ते कळत नाही.

मी शाळेत मास्तर. सिडको एन-अकरामध्ये काकांच्या भिंतीला भिंत लावून राहतो. माझा अपराध एवढाच, आणि मला मोटारसायकलवर मागं बसता येतं हा दुसरा.

दीड वर्षापूर्वी काकांनी नवी मोटारसायकल घेतली. घेतल्यावर पहिले आठ दिवस ती चालवलीच नाही, तिचं माहितीपुस्तक वाचलं. लाल पेन्सिलीनं खुणा करून. तिला धूळ बसू नये म्हणून जुन्या लुगड्याचं पांघरूण शिवलं. अशा लाडक्या गाडीचा दुसरा गिअर सुटायला लागला. म्हणजे असं, की चढावर गाडी दुसऱ्या गिअरमध्ये असली की गिअर आपोआप निसटायचा, इंजिन बोंब मारायचं आणि गाडी हिसका देऊन जागच्या जागी मोकळी पडायची. गिअरबॉक्सची वॉरंटी संपायला अजून चार महिने होते. पण काकांना चार महिने थांबायचं नव्हतं. त्यांना बावीस तारखेच्या आत गाडी नीट करून हवी होती, कारण बावीसला कन्नडच्या कोर्टात तारीख होती.

ही कोर्टाची गोष्ट सगळ्या गल्लीला पाठ आहे. काकांचं गाव पिशोर. तिथं त्यांच्या आणि धाकट्या भावाच्या, सुदामच्या, शेतामध्ये एक बांध आहे. तो बांध दीड हात आपल्याकडं सरकलाय असं काकांचं म्हणणं. जन्मभर दुसऱ्यांच्या हद्दी लावून दिलेल्या माणसानं शेवटी सख्ख्या भावावर दावा लावला. पाच वर्षं तो चालू आहे आणि पाच वर्षं दोघांत बोलणं नाही. मागच्या तारखेला सुदामची साक्ष होती, तर तो हजरच झाला नाही. न्यायाधीशांनी बावीसची शेवटची संधी दिली. "आता काका जिंकणार," असं आम्ही सगळे म्हणत होतो.

सर्व्हिस सेंटर जालना रोडला. काकांनी मला साक्षीदार म्हणून नेलं. पहिल्या खेपेला तिथल्या लोकांनी चेन आवळून दिली. दुसऱ्या खेपेला क्लचची तार. तिसऱ्यांदा ऑइल बदललं, गाडी धुतली, पॉलिश मारलं आणि कार्डावर लिहिलं, 'ट्रायल घेतली, दोष आढळला नाही.' ट्रायल कुठं घेतली, तर सपाट रस्त्यावर आणि एकट्यानं. प्रत्येक खेपेला माझा एक रविवार गेला. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून समोरच्या टीव्हीवरची तीच जाहिरात मी इतक्यांदा पाहिली की ती गाडी मला फुकट दिली असती तरी घेतली नसती.

"आढळला नाय म्हंजे नाय, असं नसतंय सर," काका मला समजावत होते. "मी बी लिहायचो की, हद्दीचा दगड आढळला नाही. दगड असायचाच. कुणाच्या तरी गोठ्यात."

चौथ्या खेपेला तिथले जुने सुपरवायझर इम्रानभाई भेटले. तेल लागलेले हात पुसत त्यांनी काकांचा तीन पानी तक्रार अर्ज शेवटपर्यंत वाचला. असा वाचणारा माणूस काकांना बऱ्याच दिवसांनी भेटला असावा. त्यांचा चेहरा उजळला.

"चचा, अकेले में कुछ नहीं होता. डबल सीट होता क्या?"

"व्हय. डबल सीट, चढावर, दुसऱ्या गिअरला."

"पीछे कौन बैठता?"

काकांनी टीव्हीकडं पाहिलं. मग म्हणाले, "एक इसम."

"वजन?"

"ऐंशी-ब्याऐंशी किलो असंल," काका म्हणाले आणि त्यांनी माझ्या पोटाकडं पाहिलं.

एरवी काकांच्या मागं बसलेला कुणी मी कधीच पाहिला नव्हता. तेव्हा विचारायला हवं होतं. पण चार रविवार गेल्यावर माणसाला काही विचारावंसं वाटत नाही, फक्त घरी जावंसं वाटतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काका मला पिठाच्या गिरणीत घेऊन गेले आणि गव्हाच्या काट्यावर उभं केलं. दोन बायका डबे घेऊन थांबल्या होत्या, त्या तोंडाला पदर लावून हसल्या. गिरणीवाल्यानं चिठ्ठीवर लिहून दिलं, 'एक इसम, ८२ किलो, चपलेसह.' ही चिठ्ठी अर्जाला जोडली गेली. घरी आल्यावर बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "दळून नाही आणलं ना तुम्हाला, मग झालं."

रविवारी आम्ही दौलताबादच्या घाटात गेलो. काका पुढं, मी मागं, आणि आमच्या मागं स्वतःच्या गाडीवर इम्रानभाई. त्यांची सुट्टी होती, तरी आले. माणूस भला.

पहिल्या चढाईला काहीच झालं नाही. गाडी शहाण्या लेकरासारखी वर गेली. काकांचं तोंड एवढंसं झालं. "सर," ते वळून म्हणाले, "जरा जड बसा की."

आता जड कसं बसायचं ते मला अजून कुणी शिकवलेलं नाही. तरी मी प्रयत्न केला. आम्ही खाली येऊन पुन्हा चढायला लागलो आणि घाटातल्या जुन्या दरवाजाच्या कमानीपुढच्या वळणावर खट्कन आवाज झाला. इंजिन किंचाळलं, गाडीनं हिसका दिला, माझं नाक काकांच्या हेल्मेटवर आपटलं आणि आम्ही घाटात मागं घसरायला लागलो. मागून एक ट्रक भोंगा वाजवत येत होता. काकांनी पाय टेकून गाडी धरली.

"सुटला!" काका एवढ्या आनंदानं ओरडले की ट्रकवाल्यानं वाकून पाहिलं.

मग इम्रानभाईंनी मला स्वतःच्या मागं बसवून तीच गाडी चढवली. त्यांच्याही पायाखालून गिअर निसटला. "या अल्ला," ते म्हणाले, "चचा सही बोल रहे थे." काकांनी खिशातून कोरा कागद काढला. इम्रानभाईंनी पेट्रोलच्या टाकीवर ठेवून तिथंच लिहून दिलं, की दोष आहे. काकांनी आम्हा दोघांना पेरू खाऊ घातले. मी नाक चोळत पेरू खाल्ला आणि मनात म्हटलं, सुटलो.

कसला सुटतोय! कंपनीनं वॉरंटी मान्य केली, गिअरबॉक्स उघडला आणि दुसऱ्या गिअरचे झिजलेले दात काकांना दाखवले. पण नवा पार्ट यायला आठ-दहा दिवस लागणार होते. काका रोज दहा वाजता तिथं जाऊन बसायचे. एकवीस तारखेलाही पार्ट आला नाही. उघडी गाडी पाहून ते परत आले, तेव्हा आमच्याकडं चहालासुद्धा थांबले नाहीत.

बावीसला सकाळी साडेसातला दारात उभे. इस्त्रीचा शर्ट, बगलेत फाइल.

"सर, आजच्या दिवस तुमची गाडी मिळंल का?"

मी माझी मोटारसायकल कुणाला देत नाही. शिवाय मी या प्रकरणाला पुरता कंटाळलो होतो आणि तो कंटाळा माझ्या आवाजात आला. "काका, एसटीनं जा ना. दीड तासात कन्नड. मी स्टँडवर सोडतो तुम्हाला."

"मला चालती हो एसटी. त्याला लागती."

"कुणाला?"

"सुदामला."

ज्याच्यावर दावा लावला, तोच सुदाम!

"लहानपणापासून लागती," काका उंबऱ्याकडं बघत म्हणाले. "बसमधी बसला की ओकतो. जीपमधी बी तेच. मोटारसायकलवर काय होत नाय. आता एका डोळ्यानं दिसंना झालंय, सोता चालवता येत नाय. मग कोर्टात येणार कसा? इथंच हर्सूलला लेकीकडं राहतो. तारखेला तिथल्या टी-पॉइंटला उभा राहतो, मी नेतो."

"पाच वर्षं?"

"व्हय. आधी जुन्या गाडीवर, आता हिच्यावर. कन्नडला उतरला की तो त्याच्या वकिलाकडं, मी माझ्या. मागच्या तारखेला गाडी सर्व्हिसिंगला पडली, म्हणून गैरहजेरी लागली त्याची. आज नाय आला तर निकाल एकतर्फी लागंल."

"म्हणजे तुमच्याच बाजूनं ना? जिंकाल तुम्ही."

काकांनी वेड्याकडं बघावं तसं माझ्याकडं पाहिलं. "असं कसं, सर? मग त्याची बाजू कोण सांगंल?"

मी पायरीवर बसलो. काका उभेच होते.

"वाटंनं बोलता काही?" मी विचारलं.

"नाय. एकदाच बोलला तो. घाटात गिअर सुटला, गाडी मागं यायला लागली, तवा माझा खांदा धरला त्यानं. म्हणला, 'दादा, सांभाळ.'" "लई भ्याला होता हो. म्हणून म्हणलं, गाडी नीट करून घ्यावी."

दीड महिना मी या माणसाची टिंगल करत होतो.

"काका, मग मिटवून टाका ना," मी म्हणालो. "दीड हात जागा. दोघं सह्या करा आणि मोकळे व्हा."

"वकील बी तेच म्हणतो," काका म्हणाले. त्यांनी फाइल या बगलेतून त्या बगलेत घेतली. "पण केस मिटली तर तो माझ्या गाडीवर कशाला बसंल?"

मी आत गेलो. किल्ली नेहमीच्या खिळ्यालाच होती, पण ती दिसायला मला वेळ लागला. बाहेर येताना बायकोचं हेल्मेटही उचललं आणि दोन्ही काकांच्या हातात देऊन म्हणालो, "हे सुदामकाकांना घाला."