सासऱ्यांचा ताशी वेग

शहरात लोक कुठे पायी जातात आणि कुठे सायकलने, याची माहिती जमवायचं काम सुनेच्या कार्यालयाकडे आलं. त्यावरून नवे पदपथ आणि सायकलमार्ग आखायचे होते. स्वयंसेवक मिळेनात, म्हणून तिने घरचाच माणूस धरला आणि सासऱ्यांच्या मोबाइलमध्ये ॲप टाकून दिलं. मोबाइल घेऊन ते कुठे, किती वेगाने गेले, हे तिला कार्यालयात बसल्या जागी नकाशावर दिसायचं.

आठवड्यातच तिने नकाशा दोनदा तपासून पाहिला. एका डोळ्याने कमी दिसू लागल्यामुळे डॉक्टरांनी सासऱ्यांची सायकल बंद केली होती. नकाशा मात्र वेगळंच सांगत होता.

"बाबा, संध्याकाळी कुठे गेला होतात?"

"चालायला."

"ताशी दहा किलोमीटरने?"

"हल्ली जरा भरभर चालतो," सासरे चहात बघत म्हणाले.

नवऱ्याने सायकलला कुलूप घातलं. दुसऱ्या दिवशी नकाशावरचा ठिपका आणखी जोरात पळाला.

"बाबा, या वयात दुसऱ्याची सायकल मागून आणता?" नवरा चिडला.

"जाऊ दे रे," वाटाणे सोलत सासूबाई म्हणाल्या. "ते खरंच चालतात."

"आई, तू मध्ये बोलू नकोस."

सासूबाईंनी मान खाली घातली. त्यानंतर बरेच वाटाणे टरफलांत गेले.

शेवटी सून कार्यालयातून लवकर निघाली आणि ठिपक्याच्या मागावर बंद कारखान्यामागच्या मैदानात पोहोचली. समोरून पेपरवाल्याची सायकल भरधाव येत होती. तिच्यावर ओठ घट्ट मिटून बसल्या होत्या सासूबाई, आणि पुढच्या टोपलीत होता सासऱ्यांचा मोबाइल.

"बाजूला हो गं, मला अजून थांबवता येत नाही!"

बाजूला होण्याऐवजी सुनेने हँडल धरलं आणि दोघी गवतात आडव्या झाल्या. मागून सासरे धापा टाकत आले.

"मी चालतोच म्हणून सांगत होतो," ते म्हणाले. "हिच्या मागून."

सासूबाईंनी कोपर चोळलं. "जन्मभर मी यांच्या मागे बसून फिरले. आता यांना दिसत नाही, तर घरात बसून राहायचं का? म्हटलं, मी चालवते, तुम्ही बसा मागे. पण पोराला सांगितलं असतं, तर त्याने मलाही कुलूप घातलं असतं."

सुनेला हसू आवरेना आणि डोळेही भरून आले. तिने सायकल उभी केली. "आई, बसा. बाबा, तुम्ही मागे. मी सीट धरते."

सायकल वेडीवाकडी निघाली, मग सरळ झाली. तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला.

"सापडले का बाबा? सायकलवरच आहेत ना?"

"हो. पण मागे बसलेत."

"मग चालवतंय कोण?"

"आई."

सून फोन कानाला लावून जागच्या जागी उभी होती. मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला सायकल वळत होती आणि सासरे ओरडून बजावत होते, "सूनबाई, सीट सोडू नकोस हं."