विठूदादांची कच्ची होडी

विठूदादा म्हात्रे तालमीत नटांना तोंडात पाणी धरायला लावतात. घोटभर, तासभर, गिळायचं नाही. कुणी बोललं, हसलं, की पाणी सदऱ्यावर. मग दादा तांब्या पुढे करतात. "भर परत." दिग्दर्शकाला पाणी माफ, म्हणे! मी कंपनीत सुपरवायझर. शिफ्ट संपवून वरसेच्या शाळेत तालमीला जातो आणि नाटकातली बकरी होतो. ओरडायची सोय नाही. बायको विचारते, "घरी असं गप्प बसायला काय घ्याल?"

तालमीबाहेर दादा भेटले, तर रोह्याच्या बाजारात रस्ता बदलावा. एका चहात पेणच्या गणपतीपासून कोलाडच्या वडापावपर्यंत जाऊन येतात. एवढा बोलका माणूस मूकनाट्यं का बसवतो? त्याला कारण धाकटा भाऊ, नामदेव. वडिलांच्या फणसाच्या वाटणीवरून दोघांनी अबोला धरला, आणि त्याच वर्षी गावच्या नाटकात दोघांची समोरासमोर कामं. कुणी वाक्य बोलेना. जत्रा तोंडावर. दादांनी वाक्यंच काढून टाकली! पेणच्या स्पर्धेत त्या नाटकाचा पहिला नंबर आला आणि दादा दिग्दर्शक झाले ते झालेच. पुढे वादळात फणस पडला. अबोला काही मोडला नाही.

यंदाच्या नाटकात होडी आहे. पुढे नामदेव, मागे दादा, मध्ये मी. होडी दिसत नाही, वल्ही दिसत नाहीत, दोघांचे हात मात्र एका ठेक्यात चालायला हवेत. प्रयोग झाला की नामदेव कायमचा पुण्याला, लेकाकडे जाणार. सामानसुद्धा बांधून झालं होतं.

आणि प्रयोग काही होईना. दादांनी तीनदा पुढे ढकलला. "अजून कच्चं हाय." मी वैतागलो. बकरी म्हातारी व्हायची वेळ आली. शेवटी दादांना एकटं गाठलं.

"नामदेवला सरळ थांब म्हणा ना."

दादा प्रथमच हळू बोलले. "तोंड उघडलं की आधी फणसच निघंल रे. मग तो रागानं जाईल. मला तो इथं हवा हाय. नाटक बसेस्तोवर तरी."

मला फार वाईट वाटलं, आणि नामदेवचा रागही आला. या माणसाला काहीच कसं कळत नाही?

दुसऱ्या दिवशी तालमीत मी त्याच्या हातांकडेच बघत बसलो. इतक्या वर्षांत एकदाही ठेका न चुकलेला माणूस. त्यानं हात उचलला, थांबला, मान जराशी वळवून दादांचा हात कुठवर आलाय ते पाहिलं, आणि मुद्दाम उलटं वल्हं मारलं.

दादांनी टाळी वाजवून तालीम थांबवली. "बघितलंस? कच्चं हाय," ते मला म्हणाले.

नामदेवनं तोंडातलं पाणी गिळलं आणि तोही माझ्याकडेच बघून म्हणाला, "व्हय. अजून महिना तरी जाईल."