सदोबा मुंगूस आणि शुक्रवारचे सायकलवाले

एका जंगलात, बाळांनो, सगळ्यांना पाय होते आणि कोणीच चालत नव्हतं. ज्याच्या त्याच्या दारात मोटार. हरणाला मोटार, माकडाला मोटार. गोगलगाईनेही एक घेतली होती. ती मोटारीतूनही आपल्या जुन्याच वेगाने जायची, कारण रस्ता कायम तुंबलेला. हसताय काय? तुम्ही शाळेत कसे येता ते मला ठाऊक आहे.

त्या जंगलात सदोबा मुंगूस राहायचा. तो पाणवठ्यावर रात्रपाळीचा राखणदार होता आणि बावीस वर्षं सायकलने कामाला जात होता. सायकल जुनी, चेन कुरकुरणारी, कॅरिअरला डबा बांधलेला. मोटारवाल्यांनी त्याला आजवर तीनदा गटारात घातलं होतं. त्याचं मागणं एवढंच, की रस्त्याच्या कडेला सायकलीपुरता एक पट्टा आखून द्यावा. त्याने सिंहमहाराजांकडे सात अर्ज केले. सातव्याला उत्तर आलं, की जंगलात सायकलवाला एकच आहे, एकट्यासाठी पट्टा आखता येत नाही.

मग एक दिवस बातमी आली, की भाऊसाहेब गव्यांनी सायकल मंडळ काढलंय. दर शुक्रवारी रात्री शंभर जण सायकलवरून जंगलभर फिरणार, हवा स्वच्छ करणार. सदोबाला इतका आनंद झाला, की त्याने चेनला तेल घातलं. आता आपण एकटे नाही, असं तो बायकोला चारदा म्हणाला.

शुक्रवारी तो वडाच्या चौकात पोचला. पाहतो तर शंभर मोटारी, आणि प्रत्येक मोटारीच्या मागे एक सायकल बांधलेली. मोटारी लावल्या होत्या रस्त्याच्या कडेला, म्हणजे सदोबा रोज जिथून जीव मुठीत धरून जायचा, नेमक्या तिथेच. अस्वलाने अंगाला घट्ट बसणारा पिवळा पोशाख घातला होता. बिचाऱ्याला श्वास घेता येत नव्हता, पण फोटो चांगला येत होता.

मंडळाच्या चिटणीस कोल्हीणबाईंनी सदोबाची चौकशी केली. किती वर्षं चालवता, कुठे कुठे गेलात? सदोबाने सांगितलं, घर ते पाणवठा, बावीस वर्षं.

"ते कामाला जाणं झालं हो," बाई म्हणाल्या. "आम्ही सायकलिंगबद्दल बोलतोय."

तरी त्याला घेतलं. सगळ्यात मागे ठेवलं, कारण तेल घालूनही चेन कुरकुरतच होती. मंडळाची एक रीत होती. चौक आला, की दोन रानडुकरं पुढे जाऊन आडवी उभी राहायची आणि शेवटची सायकल जाईपर्यंत मोटारी अडवून धरायची. शेवटची सायकल सदोबाची. बावीस वर्षांत पहिल्यांदा त्याच्यासाठी मोटारी थांबल्या, आणि सदोबा रडला. खोटं नाही सांगत, चौकाच्या मधोमध, पेडल मारता मारता रडला.

तासाभरात फेरी संपली. चहा झाला, फोटो झाले. सायकली परत मोटारींवर चढल्या आणि सगळ्यांना एकदम घरची घाई झाली. सदोबा डबा सावरत पाणवठ्याकडे निघाला होता. भाऊसाहेबांची मोटार भरधाव जवळून गेली. मागे बांधलेल्या सायकलीचं हॅंडल हातभर बाहेर आलं होतं, ते सदोबाच्या पाठीत बसलं. सदोबा चौथ्यांदा गटारात गेला. पाय मोडला, सायकलचं पुढचं चाक वाकलं.

भाऊसाहेब गाडी थांबवून उतरले. आधी आपल्या सायकलला कुठे ओरखडा आलाय का ते बघितलं. मग गटारात डोकावून कळवळून म्हणाले, "अहो सदोबा, रात्रीची सायकल चालवू नये. फार धोक्याचं असतं."

मंडळाने मात्र प्रकरण मनावर घेतलं हं. सिंहमहाराजांना निवेदन गेलं आणि पंधरवड्यात पट्टा मंजूर झाला. पाटीही लागली: 'सायकलस्वारांच्या मोटारींसाठी राखीव'. सदोबाची वाकडी सायकल फुलांचा हार घालून चौकातल्या खांबावर टांगली. तिच्याखाली फोटो काढल्याशिवाय आता फेरी सुरू होत नाही.

दोन महिन्यांनी सदोबा काठी टेकत चौकात आला. चाक सरळ करून घेतो, माझी सायकल तेवढी खाली काढून द्या, म्हणाला. कामावर जायचंय.

कोल्हीणबाईंना फार वाईट वाटलं. "तुमची कशी सदोबा, ती आता चळवळीची आहे," त्या म्हणाल्या.

तेव्हापासून सदोबा पायीच जातो. घरातून दीड तास आधी निघतो. राखीव पट्ट्यात मोटारी असतात, म्हणून रस्त्याच्या मधून चालतो, आणि मागचे मोटारवाले हॉर्न वाजवून त्याला शिव्या देतात.

तात्पर्य (पाठ करा, परीक्षेत नाही, रस्त्यावर उपयोगी पडेल): सायकल जरूर चालवावी, पण आधी मोटार घ्यावी. मोटार असून सायकलवर बसलं, तर ती चळवळ. मोटार नसताना बसलं, तर नुसतं मधे येणं.