गोधडीखालची जाजम

पडवीत तीन बायका बसल्या आहेत आणि तिघीही गप्प आहेत, हे पाहिल्याबरोबर श्रीपतरावांनी ओळखलं, की काहीतरी बिनसलं आहे. कचेरीतून अर्ध्या दिवसाची रजा टाकून ते घाईघाईने घरी आले होते. संध्याकाळी आळीच्या देवळात मंडळाच्या वर्धापनदिनाचं भजन होतं. त्यासाठी खेडहून नावाजलेले बुवा येणार होते, आणि देवळात अंथरायची मंडळाची जाजम सांभाळायला श्रीपतरावांच्या घरी होती. ती न्यायलाच ते आले होते.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"काय व्हायचंय? गोधडी झाली," त्यांच्या आई, सावित्रीबाई, म्हणाल्या आणि सुईतला उरलेला दोरा त्यांनी दाताने तोडला.

"मग उचला की! आज तरी पडवी मोकळी दिसू दे."

"उचलतोय," उल्काताई नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या, "पण ती एकटी येत नाही."

श्रीपतरावांनी गोधडीचं एक टोक धरून वर उचललं. टोकाबरोबर खालून लाल पट्ट्यांची मंडळाची जाजम वर आली. त्यांनी दुसरं टोक उचललं. तिथेही जाजम हजर. मग त्यांनी गोधडीच्या मध्यभागी चिमूट धरून ओढून पाहिली, आणि त्यांना उलगडा झाला. जाजमीच्या बरोब्बर मधोमध गोधडी शिवली गेली होती. टाके बारीक होते, घट्ट होते आणि दुर्दैवाने फार सुबक होते.

गेला महिनाभर या गोधडीने त्यांना जीव नकोसा केला होता. लेक हेमा लांज्याला सासरी बाळंत झाली होती. पहिलं बाळंतपण माहेरी झालं, म्हणून दुसरं सासरी. उद्या बारसं. बारशाला पणजीच्या हातची गोधडी बाळाच्या अंगाखाली हवी, आणि तीही आळीतल्या घराघरांतून मागून आणलेल्या कापडांची, म्हणजे बाळाला दृष्ट लागत नाही, असा या घरातला रिवाज. त्यामुळे घरभर चिंध्या झाल्या होत्या. श्रीपतरावांना खुर्चीत सुई टोचली होती, जेवणाच्या डब्यात पोळीखाली छिटाचा तुकडा निघाला होता, आणि त्यांचा घरात घालायचा सदरा एका सकाळी नाहीसा होऊन संध्याकाळी चौकोन चौकोन झालेला आढळला होता. हे सगळं त्यांनी सोसलं. पण जाजम?

"आई, ही मंडळाची जाजम आहे!"

"ठाऊक आहे मला. कालच पडवी सारवली. त्या शेणावर अस्तराचं पांढरं लुगडं पसरू होय? आणि कसली कुबट झाली होती मेली. म्हटलं, तेवढाच वारा लागेल तिला."

"वारा नाही लागला, टाके लागलेत तिला!"

"तरी मी सकाळी म्हटलं," शेजारच्या गोदाकाकू पुटपुटल्या, "सुई आज जड जाते आहे गो."

"तेव्हा तुम्हीच म्हणालात ना, टेरिकॉटचा तुकडा आला असेल म्हणून?" उल्काताई म्हणाल्या.

खरा घोळ गोदाकाकूंनीच घातला होता. थर एकमेकांवरून सरकू नयेत म्हणून आधी मोठमोठे कच्चे टाके घालतात. ते त्यांनी घातले. त्यांना दिसतं कमी, पण हाताला जोर भारी. त्यांच्या सुईने लुगड्याबरोबर खालची जाजमही उचलली. एकदा सगळं एकजीव झाल्यावर पुढच्या बारीक टाक्यांना कोण अडवणार? तिघी तीन बाजूंनी शिवत, गप्पा मारत मधोमध येऊन भेटल्या होत्या.

दुसऱ्या कोणाची जाजम असती तर श्रीपतराव हसलेही असते. पण या जाजमीमुळेच आळीत त्यांना मान होता. कचेरीत त्यांना कोणी विचारत नसे, चहा सुद्धा त्यांच्या टेबलावर सगळ्यांच्या शेवटी येई. आळीत मात्र ते मंडळाचे चिटणीस होते, आणि झाले होते ते कसे? आधीचे चिटणीस राजाभाऊ. त्यांनी गेल्या उन्हाळ्यात या जाजमीवर आमसुलं वाळत घातली. तेव्हा भर सभेत श्रीपतरावांनी चष्मा चढवला आणि गुडघ्यांवर बसून आमसुलांचा एकेक डाग छत्रीच्या टोकाने सगळ्यांना दाखवला. वर ठराव करून घेतला, की मंडळाची वस्तू जो घरकामाला वापरील त्याने तिथल्या तिथे पद सोडावं. राजाभाऊंनी पद सोडलं. तेव्हापासून रस्त्यात भेटले की ते एखाद्या आजाऱ्याची चौकशी करावी तसं विचारत, "काय श्रीपतराव, जाजम बरी आहे ना?"

"उल्का, कात्री आण," श्रीपतराव म्हणाले.

"खबरदार!" सावित्रीबाई गोधडीवर आडव्याच झाल्या. "बाळासाठी शिवलेली गोधडी बाळ तिच्यावर निजायच्या आधी उसवतात का रे? अपशकुन! उद्या बाळ एकदा निजू दे तिच्यावर, मग खुशाल उसव."

"आई, माझं पद जाईल गं!"

"तुझं पद काय, पुन्हा मिळेल. पणतू उद्या बारा दिवसांचा होतो आहे. तो काय पुन्हा पुन्हा होणार आहे?"

श्रीपतरावांनी कात्रीचा नाद सोडला. देवळातून निरोप आला, जाजम धाडा, माणसं जमायला लागलीत. ते पडवीत येरझाऱ्या घालू लागले. शेवटी उल्काताईच वैतागून म्हणाल्या, "अहो, भजनाला बुवा जाजमीच्या मधोमधच बसतात ना? मग सांगा, बुवांसाठी मुद्दाम बैठक घातली आहे म्हणून. बुवा गेले की गुंडाळून घरी आणा. कोण उचलून बघतंय?"

कोण बघतंय हे श्रीपतरावांना पक्कं माहीत होतं. पण दुसरा इलाज नव्हता.

देवळाच्या सभामंडपात जाजम अंथरून होते न होते तोच राजाभाऊ आले. आले ते थेट गोधडीपाशी.

"हे काय नवीन?"

"बैठक. बुवांसाठी. मोठा माणूस, बसायला मऊ हवं."

"छान छान. पण जरा वाकडी पडली आहे हो. द्या, सरळ करतो," म्हणत राजाभाऊ वाकले.

श्रीपतराव गपकन गोधडीवर मांडी घालून बसले. "राहू दे, राहू दे. मी जरा ऊब करून ठेवतो."

राजाभाऊंनी त्यांच्याकडे टक लावून पाहिलं, पण तेवढ्यात बुवा आले. श्रीपतराव उठले आणि बुवा त्या जागी टेकले. टेकल्याबरोबर त्यांचा चेहरा बदलला. बुवांचे गुडघे जुने होते. जन्मभर लोकांच्या टणक जाजमींवर बसून ते कुरकुरत असत. आज ते गुडघे लोण्यात ठेवल्यासारखे निवांत झाले. बुवांना असा काही सूर लागला की अभंगामागून अभंग, गजरामागून गजर, उठायचं नाव नाही. सगळं देऊळ डोलत होतं. श्रीपतराव तेवढे खांबाला टेकून घाम पुसत होते.

शेवटी भजन संपलं. अध्यक्ष काशीरामभाऊ शाल आणि नारळ घेऊन पुढे झाले. बुवांनी हात जोडले.

"भाऊ, शाल नको. शालींनी माझी ट्रंक भरली आहे. द्यायचंच तर ही गोधडी द्या. आज कित्येक वर्षांनी गुडघे दुखले नाहीत."

"अहो, त्यात काय! घ्या की!" काशीरामभाऊ भारावून म्हणाले.

"नको!" श्रीपतराव ओरडले. सगळे त्यांच्याकडे बघू लागले, तसे ते चाचरत म्हणाले, "म्हणजे... धुऊन देतो ना. सावकाश."

"धुवायचं काय त्यात? कोरी करकरीत तर आहे," राजाभाऊ म्हणाले. एक बाजू त्यांनी धरली, दुसरी काशीरामभाऊंनी धरली, आणि बुवा उभे राहिल्याबरोबर दोघांनी झटक्यात गोधडी उचलली. गोधडीबरोबर जाजम उठली. जाजमीवरचा पखवाजवाला उताणा झाला, झांजा घरंगळत थेट गाभाऱ्यापाशी गेल्या आणि पेटीवाला पेटीला मिठी मारून कलंडला.

राजाभाऊंनी वाकून टाके पाहिले. मग पुन्हा पाहिले. त्यांच्या तोंडावर आलेलं तेज देवळातल्या समईलाही नव्हतं.

"अध्यक्ष," ते हळूच म्हणाले, "तो ठराव आठवतो का? आमच्या आमसुलांचा?"

सगळ्या माना श्रीपतरावांकडे वळल्या. त्यांना भारी लाज वाटली. आपण छत्रीच्या टोकाने डाग दाखवत होतो तेव्हा राजाभाऊंना कसं वाटलं असेल, हे त्यांना आत्ता कुठे कळलं. ते पुढे झाले. "मी पद सोड—"

"थांब रे श्रीपती," बायकांच्या बाजूने आवाज आला. सावित्रीबाई कंबरेवर हात ठेवून पुढे आल्या. "आधी गोधडी नीट बघू दे सगळ्यांना. आळीतल्या घराघराचं कापड आहे तिच्यात. राजाभाऊ, हा हिरवा तुकडा बघितलास? तुझ्या बायकोने, राहीने, दिला. काय मजबूत कापड रे! माझी सुई वाकली. त्याला पितळेची कडी सुद्धा होती अजून, ती मी काढली."

राजाभाऊंच्या हातातलं टोक सुटलं. तो हिरवा तुकडा आळीतल्या प्रत्येकाने वर्षानुवर्षं पाहिलेला होता. मंडळाच्या नाटकाचा पडदा होता तो. तीन वर्षांमागे, राजाभाऊ चिटणीस असताना, तो उंदरांनी खाल्ल्याचं त्यांनीच सभेत सांगितलं होतं.

"आणि हा तांबडा," सावित्रीबाईंचं बोट पुढे सरकलं, "काशीरामच्या घरचा. अगदी मंडळाच्या तक्क्याच्या अभ्र्यासारखा आहे, नाही? तो अभ्रा परटाकडे हरवला म्हणे, तोच रंग."

काशीरामभाऊ देवळाचं छप्पर न्याहाळू लागले. आणखी दोघातिघांनी गोधडीत आपापल्या घरचे तुकडे ओळखले आणि आपापल्या चपला शोधायला सुरुवात केली. सावित्रीबाईंचा चेहरा मात्र इतका भोळा होता, की ही बाई सहज बोलली की मुद्दाम, हे पोटच्या पोराला सुद्धा कळेना.

"मला वाटतं," काशीरामभाऊ खाकरून म्हणाले, "तो ठराव जरा घाईतच झाला होता. काय राजाभाऊ?"

"हो, म्हणजे... उकाडा फार होता त्या दिवशी," राजाभाऊ म्हणाले.

"मला शालच द्या," बुवा म्हणाले. त्यांनी पुष्कळ गावची मंडळं पाहिलेली होती.

गोधडी मात्र उसवायची नाही यावर सावित्रीबाई ठाम राहिल्या. तेव्हा असं ठरलं की उद्या गोधडी जाजमीसकट लांज्याला न्यायची, बाळाला निजवायचं आणि तिथेच उसवून जाजम परत आणायची. मंडळाची वस्तू गावाबाहेर जाणार, म्हणून मंडळातर्फे देखरेखीला राजाभाऊंनी बरोबर जायचं. बाळाचे सख्खे आजोबासुद्धा बारशाला निघाले नसतील, इतक्या हौसेने राजाभाऊ निघाले.

सकाळी एस्टीच्या टपावर तो बोजा चढवताना कंडक्टरने विचारलं, "यात माणूस गुंडाळलाय का काय?" "माझी अब्रू गुंडाळलेली आहे," श्रीपतराव तडकून म्हणाले. पालीला गाडी थांबली तेव्हा राजाभाऊ खाली उतरून टपावर जाजम आहे ना ते बघून आले, आणि परत आल्यावर "बरी आहे हो," असं सांगून त्यांनी डोळे मिटले. श्रीपतरावांनी दातओठ खाल्ले.

लांज्याला हेमाच्या सासरच्या ओटीवर जाजम अंथरली. तिने अख्खी ओटी व्यापली आणि उरलेली दोन पायऱ्या उतरली. मधोमध गोधडी, गोधडीच्या मधोमध मूठभर बाळ, आणि भोवती जाजमीवर पाहुणे बसलेले. "आमच्याकडे गोधडीबरोबर बसायची सोय पण शिवून देतात," उल्काताईंनी विहिणीला सांगितलं. विहीणबाईंना ती पद्धत फार आवडली. नाव ठेवलं, घुगऱ्या वाटल्या, सावित्रीबाईंनी पणतवाच्या गालाला बोट लावून डोळे पुसले.

राजाभाऊ जाजमीच्या कडेला बसले होते. त्यांचं घुगऱ्यांकडे लक्ष नव्हतं, त्यांचे डोळे बाळावर होते. बाळाने हातपाय ताणले, तोंड लाल केलं, आणि मग ते एकदम मोठ्या समाधानाने शांत झालं. त्याच्या खालचा राहीवहिनींचा हिरवा तुकडा आणखी हिरवा झाला. ओल गोधडीतून सावकाश झिरपत, पसरत, मंडळाच्या जाजमीवर आली.

"श्रीपतराव," राजाभाऊ पुढे सरकले. या क्षणासाठीच ते लांज्याला आले होते. "डाग!"

श्रीपतरावांनी चष्मा काढला, घडी घातली आणि खिशात ठेवला.

"कुठे?"

"हा काय! हा! पसरतोय बघा."

"मला तर काही दिसत नाही."

"अस्सं? आणि माझी आमसुलं तेवढी बरी दिसली होती तुम्हाला!"

श्रीपतरावांनी ओल्याचिंब नातवाला उचलून मांडीवर घेतलं. नवं कोरं धोतर भिजलं तरी ते हसतच होते.

"राजाभाऊ," ते म्हणाले, "आमसुलांना आजोबा नव्हता."