सासऱ्यांच्या पसंतीचं पीठ

सासऱ्यांच्या तोंडून एकदा तरी 'वा!' ऐकावं, एवढीच हेडक्लार्कची इच्छा होती. सासरे निवृत्त हेडमास्तर; कुणाला शाबासकी द्यायची म्हणजे त्यांच्या जिवावर येई. म्हणून सगळे डोंगरातल्या तळ्याकाठी सुट्टीला गेले, तेव्हा त्यानं ठरवलं की मासा धरून दाखवायचाच. (आजवर त्यानं फक्त अबोला धरला होता, तोही जेवणापर्यंत.)

नावाड्यानं कानमंत्र दिला, "मासा वासावर येतो, साहेब. पिठात मध, बडीशेप आणि चांगलं जुनं चीज घाला."

संध्याकाळी बायकोच्या नकळत त्यानं ते पीठ मळलं आणि ओल्या फडक्याखाली ओट्यावर ठेवलं. शेजारी तसल्याच वाडग्यात, तसल्याच फडक्याखाली बायकोनं सकाळच्या पावासाठी भिजवलेलं पीठ होतं. पहाटे अर्धवट झोपेत त्यानं नेमकं तेच उचललं.

तळ्यावर धुक्याची दुलई होती. डोंगर पाण्यात उलटे उभे होते आणि त्याची होडी त्यांच्या शिखरांवरून अलगद सरकत होती. गळ टाकून तो बसला आणि बसल्याबसल्या स्वप्नात शिरला. सासरे ताटावर बसलेत, घास घेताहेत, डोळे मिटताहेत... मासे येत, पिठाला तोंड लावत आणि चुकीच्या खिडकीशी आल्यासारखे निघून जात. त्याला त्याचंही काही वाटलं नाही. इतकं सुख त्याला ऑफिसातल्या डुलकीतही मिळालं नव्हतं.

उन्हं चढल्यावर तो हात हलवत परतला. सासरे टेबलाशी डोळे मिटून पाव खात होते.

"वा!" ते म्हणाले. "काय चव आहे!"

"आज कसे कोण जाणे, फारच छान झालेत," बायको लाजून म्हणाली.

बडीशेपेचा वास आला आणि वाडग्यांची अदलाबदल हेडक्लार्कच्या ध्यानात आली. हक्काचा 'वा' डोळ्यांदेखत दुसरीच्या पदरात पडत होता. गप्प बसणं शहाणपणाचं होतं, पण ते शहाणपण त्याला कुठलं!

"ते पीठ मी मळलं होतं!"

"तुम्ही?" सासऱ्यांनी डोळे उघडले. "कशासाठी?"

"माशांसाठी."

सासऱ्यांनी हातातल्या पावाकडे पाहिलं. मग शांतपणे आणखी एक उचलला.

"मग माशांना काय घातलंत?" बायकोनं विचारलं.

"तुझं पीठ. अगं, एकाही माशाला ते आवडलं नाही बघ."

बायकोचा चेहरा पाहून त्यानं जीभ चावली. पण सासऱ्यांनी पाव संपवला, लेकीच्या उरलेल्या पिठाचं वाडगं काखोटीला मारलं आणि होडीत जाऊन बसले. जेवणाच्या वेळेला ते परतले ते हातभर मासा घेऊनच.

"तुझ्या पिठात काही खोट नाही, पोरी," ते म्हणाले.

जावयाकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.