हिरामणनानांचा चौथा ठोका

संगीत कानांनी ऐकावे, अशी माझी वयाच्या सत्तरीपर्यंत समजूत होती. आमचे शेजारी हिरामणनाना ते पेचकसाने ऐकतात. स्पीकरच्या लाकडी खोक्यावर वीतभर लांबीच्या पेचकसाचे टोक टेकवायचे, त्याची मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि नेत्र मिटून बसायचे, हा त्यांचा विधी. मध्येच ओठ हलतात आणि निर्णय बाहेर पडतो, "बेरिंग चांगली शे."

नानांनी धुळ्यात चाळीस वर्षे शेतीपंपांच्या मोटारी रिवाइंड केल्या. चालत्या मोटारीच्या पोटात काय दुखते आहे, ते पेचकस लावून ओळखण्याची त्या व्यवसायातली रीतच आहे. नानांनी ती संगीतालाही लागू केली, एवढाच त्यांचा विशेष. आणि संगीत तरी कोणते? भजन नव्हे, लावणी नव्हे. पन्नासेक वर्षांपूर्वी गाजलेल्या पाच विदेशी वादकांच्या एका मंडळीचे जॅझ फ्यूजन. त्यात विजेची गिटार होती, सॅक्सोफोन होता आणि एकाच मनुष्याने चारी हातपायांनी वाजवायचा ढोलांचा संच होता. ती मंडळी पुढे आपसांत बिनसून पांगली. नाना त्यांचा उल्लेख 'आपली मंडळी' असा करतात, जणू हे पाचही जण शिरपूरच्या बाजारात भेटणारे मामेभाऊ आहेत.

अक्का, म्हणजे नानांच्या पत्नी, निवर्तल्यावर ते धुळे सोडून जळगावला आले. कन्या कमल असोद्याला दिलेली. तिच्या जवळ राहता यावे, हा हेतू. आले त्याच आठवड्यात माझ्या प्रातःकालीन रुद्रपठणावर भिंतीपलीकडून सॅक्सोफोनचे आक्रमण झाले. मी सात्त्विक संतापाने त्यांच्या दारी गेलो. नानांनी मला बसवले, चहा दिला आणि म्हणाले, "गुरुजी, तुम्ही मंत्र म्हनतस, तो शब्द पुढे जास, मांगे येस, उलटा व्हस. तसंच शे हाई. आयका तरी!"

मी ऐकले. आरंभी निव्वळ कोलाहल वाटला. मग ध्यानात आले की गिटारने मांडलेले चार स्वर सॅक्सोफोन उलटे म्हणतो, पुन्हा सुलटे म्हणतो, जोड्या लावतो आणि सात मात्रांचे आवर्तन चुकवीत नाही. हा तर घनपाठच! वेदशाळेत ज्यासाठी मी छड्या खाल्ल्या, ते हे लोक टाळ्या घेऊन करीत होते. त्या दिवसापासून पठण आधी आणि सॅक्सोफोन नंतर, असा आमचा करार झाला.

नानांजवळ त्या मंडळीची एकच कॅसेट होती. एका जाहीर मैफलीचे ते ध्वनिमुद्रण. रेल्वेत असलेल्या अक्कांच्या भावाने मूळ कॅसेट मुंबईहून एका दिवसापुरती मागून आणली होती. नानांनी परसात दोन टेपरेकॉर्डर समोरासमोर ठेवले, एकावर ती वाजवली आणि दुसऱ्यावर उतरवून घेतली. घरातल्या सर्वांना मौन पाळण्याची सक्त ताकीद होती. ती कोंबड्याने मोडली. गिटारच्या एका तानेनंतर तो स्पष्ट आरवतो. नाना प्रत्येक श्रोत्याला आधीच सांगून ठेवत, "कोंबडा आपला शे, बाकी बठ्ठं त्यासनं."

त्या कॅसेटमध्ये त्यांचे एक तीर्थक्षेत्र होते. दुसऱ्या बाजूच्या शेवटच्या रचनेत सगळी वाद्ये मंदावतात, सॅक्सोफोन एकटा कुजबुजतो आणि त्या शांततेत ढोलवाला ठोके देतो. ठप्, ठप्, ठप्. मग एक विराम, वाटते की चौथा विसरला. आणि मग ठप्. असे चार वेळा.

"हाऊ चौथा ठोका आयकात का? जगमा कोनी दिन्हा नही असा," नाना म्हणत. पुढे हमखास एक तक्रार जोडत, "अक्काले किती सांगं मी, पन तिले तालच कळे नही. 'हाऊ काय कलकलाट लावा', म्हने, नि चूलकडे निंघी जाय."

गेल्या वर्षी वार्ता आली की ती मंडळी वार्धक्यात पुन्हा एकत्र येऊन मैफली करीत आहे, आणि त्यांतली एक मुंबईला आहे. नानांनी दोन तिकिटे काढली. "चौथा ठोका समोर बशीसन आयकाना शे, गुरुजी. मंग डोया मिटा तरी चाली." मी पंचांग पाहिले. त्या दिवशी एकादशी. साबुदाण्याच्या खिचडीचा डबा घेऊन मी निघालो.

सभागृहाच्या दारावर रखवालदाराने नानांच्या सदऱ्याच्या खिशातून पेचकस बाहेर काढला.

"आजोबा, हे काय?"

"आयकानं यंत्र."

"आत नेता येणार नाही."

"मंग तुमना चष्मा बी बाहेर ठेवा!"

मी संस्कृतप्रचुर मराठीत रदबदली केली. त्यामुळे तो रखवालदार अधिकच साशंक झाला. शेवटी पेचकस बाहेर राहिला आणि नाना नुसत्या कानांनिशी आत गेले.

वादक आमच्याच वयाचे होते. एकाला हात धरून आसनावर बसवावे लागले, परंतु गिटार मांडीवर येताच त्याची बोटे पंचविशीची झाली. दोन तास नाना मात्रा मोजत होते. अखेर ती रचना आली. वाद्ये मंदावली. सॅक्सोफोन कुजबुजू लागला. नानांनी माझे मनगट घट्ट धरले.

ठोके आलेच नाहीत. ढोलवाला हात मांडीवर ठेवून स्वस्थ बसला होता. सभागृह टाळ्यांनी दुमदुमले तेव्हा नाना खाली पाहत होते.

परतीच्या प्रवासात चाळीसगावपर्यंत ते बोटांवर मात्रा मोजत होते. मग म्हणाले, "बुढा व्हयना बिचारा. भुली गया."

पुढचे दोन महिने पेचकस खुंटीवर होता. मला त्यांची चिंता वाटू लागली. एके दिवशी त्यांनी मला त्या ढोलवाल्यास पत्र लिहावयास सांगितले. मी लिहिले: 'आपल्या वादनातील चतुर्थ आघाताचा लोप झाल्याने एक रसिक व्यथित आहे.' याचे भाषांतर कोणी करावे, यावर ते पत्र अडले आणि नानांच्या खिशातच राहिले.

मार्गशीर्षात कमलने आम्हा दोघांना असोद्याच्या शेतात भरितासाठी बोलावले. त्याच सुमारास त्या मैफलींचे ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झाले होते. ते मी आग्रहाने फोनमध्ये घेतले होते आणि नानांचा स्पीकरही सोबत आणला होता. हेतू एवढाच, की त्यांचा रुसवा निघावा. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजून झाली होती. कमल ती सोलून लाकडी कुंडीत मुसळाने ठेचायला बसली. स्पीकर जवळच बाजेवर होता. नाना ऐकत नसल्यासारखे दाखवत ऐकत होते.

शेवटची रचना आली. वाद्ये मंदावली. सॅक्सोफोन कुजबुजू लागला आणि त्या शांततेत ठोके पडले.

ठप्, ठप्, ठप्. विराम. ठप्.

नाना ताडकन उठले. त्यांनी स्पीकरकडे पाहिले, मग कुंडीकडे. कमलने तीन घाव घातले, डाव्या हाताने वांगे उलटले आणि चौथा घाव घातला.

"कमल, हाई कोनी शिकाडं तुले?"

"आईनं. तीन घाव, मंग उलटानं, मंग एक. नही तं रेशा ऱ्हाई जातस, म्हने ती."

नानांनी कुंडीतल्या वांग्याकडे वाकून पाहिले. मग अगदी हळू विचारले, "तुना मामा कॅसेट लई उना, त्या दिनले जेवाले काय व्हतं?"

"मामा उना म्हंजे भरीतच, नाना. दुसरं काय करे आई? तुम्ही बोलानी बंदी करेल व्हती, म्हनीसन ती परसमा कोपराले बशी गुपचूप कुटे."

नानांनी खिशातले पत्र काढून माझ्या हाती दिले. "फाडी टाका, गुरुजी. त्यासनं काही चुकनं नही." आणि क्षणभराने म्हणाले, "कोंबडा आपला, नि ठोका बी आपलाच."

मी पत्र फाडले. आयुष्यात लिहिलेली इतकी चांगली मराठी मी कधी आनंदाने फाडली नव्हती.

नानांनी मला रचना पुन्हा आरंभापासून लावायला सांगितली. पिशवीतून पेचकस काढला; तो त्यांनी सोबत आणला होता, हे मला ठाऊक नव्हते. परंतु स्पीकरकडे ते वळलेच नाहीत. कुंडीजवळ मांडी घालून बसले, पेचकसाचे टोक तिच्या लाकडी काठावर टेकवले, मूठ कानामागे धरली आणि डोळे मिटले.

"कुट, बेटा," ते म्हणाले.

सॅक्सोफोन हळू झाला. कमलने मुसळ उचलले. तीन घाव. मग वांगे उलटले. मग एक.

"नाना," मी विचारले, "बेरिंग कशी आहे?"

त्यांनी डोळे उघडले नाहीत. हात वर करून मला थांबा अशी खूण केली. अजून तीन आवर्तने बाकी होती.