स्टेफानियाचं नाक

"नाक चुकलंय," लॉयड म्हणाला आणि टोस्टचा तुकडा अंड्याच्या पिवळ्यात बुडवून त्याने तोंडात टाकला.

आर्डिथ क्लासेनने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला तिची गोधडी पसरलेली होती. पांघरायची नव्हे, वीतभर रुंद, दोन हात लांब, भिंतीवर टांगायची चित्राची गोधडी. शेवटचे दोरे कापले, उशीच्या अभ्र्यात घातली आणि दुपारी गावच्या बर्फाच्या रिंकवर नेली की काम झालं. तिच्या नवऱ्याला, लॉयडला, या छंदातलं ओ की ठो कळत नसे. जी अंगावर घेता येत नाही ती कसली गोधडी, असं त्याचं मत होतं, आणि ते तो न विचारता पाहुण्यांनाही सांगायचा.

"कशावरून चुकलंय?" तिने शेवटी विचारलंच.

लॉयडने हातातला काटा आइस हॉकीच्या काठीसारखा धरला. "हे बघ. मी इथे. ती तिथे, गोलसमोर. मी चकती मारली ती अशी गेली. म्हणजे नाक तिकडे वळणार. तू इकडे वळवलंयस."

"चाळीस वर्षांपूर्वीचं तुला काय आठवतंय डोंबलाचं!"

"आर्डिथ, जगातल्या दुसऱ्या कुठल्याही गोष्टीत मी चुकेन. त्या नाकाच्या बाबतीत नाही. मी स्वतः मोडलंय ते."

आर्डिथच्या हातातली कात्री तशीच राहिली.

नाक होतं स्टेफानिया वासिलिकचं. डनरॉस गावातली बर्फाची रिंक स्टेफानिया सांभाळत असे, आणि गावातल्या बहुतेकांचा जन्म व्हायच्या आधीपासून सांभाळत असे. बर्फ घासायचं यंत्र तीच चालवायची, पोरांच्या स्केट्सना धार तीच लावायची, आणि भांडणाऱ्या बापांना मानगूट धरून बाहेरही तीच काढायची. आता ती निवृत्त होत होती. तिला नकळत तिचा चेहरा गोधडीत शिवून रिंकच्या दारात टांगायचा, असं गावातल्या पाच जणींच्या गोधडी मंडळाने ठरवलं होतं. मंडळाच्या प्रमुख ग्वेंडा प्रिचर्डने प्रेक्षकांत बसून स्टेफानियाचा चोरून फोटो काढला, मोठा केला आणि त्याच्या पाच उभ्या पट्ट्या कापल्या. एकीला एक. जिने तिने आपापल्या घरी शिवायची, दुसरीची बघायची नाही, आणि पाचही पट्ट्या शेवटी गावासमोरच एकत्र येणार. मधली पट्टी कुणालाच नको होती, कारण तिच्यात नाक होतं. म्हणून ती मंडळात सर्वांत नव्या आलेल्या आर्डिथच्या वाट्याला आली.

मंडळात शिरायला तिला दोन हिवाळे वाट पाहावी लागली होती. ग्वेंडा निवृत्त गणित शिक्षिका, अगदी नाकासमोर चालणारी बाई. टाका वाकडा गेला तर ती रागवत नसे. नुसती चष्मा काढून पुसायची. गेल्या वर्षी एकीने शिवायच्या ऐवजी गोंदाने कापड चिकटवलं होतं. ग्वेंडाने चष्मा पुसला, आणि ती बाई आता दुसऱ्या गावी जाऊन लोकरीचे मोजे विणते.

आर्डिथने कपाटातून फोटोची पट्टी काढून गोधडीशेजारी ठेवली. एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे. मग ती खुर्चीत बसली.

नाक चुकलं होतं. नाकच काय, ओठ चुकले होते, हनुवटीवरची खळी चुकली होती, जाकिटाची चेन चुकली होती. सगळं जागच्या जागी, पण उलटं. कापडाचे तुकडे चिकटवायला इस्त्रीने चिकटणारा कागद लावतात. त्यावर आकृती उलटी काढायची, म्हणजे कापड पालथं केलं की सुलट येते. हे पहिल्या दिवशी शिकवतात. आर्डिथने आकृती सुलट काढली होती.

"आता मरण," ती म्हणाली. "लॉयड, लोक काय म्हणतील? नवऱ्यानं एकदा मोडलं, बायकोनं दुसऱ्यांदा."

लॉयडने खाणं थांबवलं. हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं. त्या घटनेनंतर कित्येक वर्षं स्टेफानिया त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती. त्याच्या स्केट्सना धार लावून द्यायची, पण खिडकीतून सरकवायची, मुक्यानेच. अलीकडे कुठे 'थंडी आहे' एवढ्यापर्यंत गाडी आली होती.

"उसवून टाक."

"चिकटवून वर शिवलंय. उसवलं तर भोकं दिसतील. देवीचे व्रण आल्यासारखी दिसेल."

"मग पालथी टांग. मागून सुलटच दिसेल ना?"

आर्डिथने गोधडी पालथी केली. मागून टाक्यांची रेघ खरंच सुलट दिसत होती. पण मागे तिने घरात उरलेलं नाताळचं कापड लावलं होतं, आणि त्यावर लाल टोप्या घातलेली सांबरं नाचत होती. स्टेफानियाच्या बरोबर नाकपुडीत एक सांबर उभं होतं.

"नवं नाक," आर्डिथ ताडकन उठली. "नवं नाक कापते, जुन्यावर चिकटवते. निदान नाक तरी! तू इस्त्री तापव."

पुढचा तास क्लासेनांच्या स्वयंपाकघरात शस्त्रक्रियेसारखा गेला. आर्डिथ कागद मागायची, लॉयड कात्री द्यायचा. कात्री मागायची, तो इस्त्री द्यायचा. त्वचेच्या रंगाचं कापड संपत आलं होतं. उरल्यासुरल्या तुकड्यातून एकच नाक निघणार होतं. तिने श्वास रोखून रेघ मारली, कापलं, पालथं केलं आणि जुन्या नाकावर ठेवलं.

तंतोतंत बसलं. इतकं तंतोतंत, की जुनं नाक मुळी दिसेचना.

"पुन्हा सुलट काढलंस," लॉयड हळूच म्हणाला.

 नाकी नऊ येणं म्हणजे काय ते आर्डिथला त्या क्षणी अगदी आतून कळलं.

"आजारी पड तू," लॉयड म्हणाला. "मी सांगतो, उलट्या होतायत."

"ग्वेंडा डॉक्टरला घेऊन येईल."

"मग गाडी चालू होत नाही म्हणू. बाहेर उणे तीस आहे, कुणालाही पटेल."

दारावर थाप पडली. ग्वेंडा बाहेर उभी होती, भुवयांवर दहिवर गोठलेलं. "रस्ता निसरडा आहे," ती म्हणाली. "म्हटलं, तुमची गाडी अडेल, आपणच जाऊन घेऊन यावं. चला. आण तो अभ्रा, मी धरते. तू घसरशील."

गाडीत अभ्रा आर्डिथनेच मांडीवर घट्ट धरून ठेवला. तिला काही केल्या तो ग्वेंडाच्या हाती द्यायचा नव्हता.

"घाबरलीस?" ग्वेंडाने विचारलं.

"नाही. हो."

"कशाला? पट्टी तर सोपी आहे. माझ्याकडे ओठाचा कोपरा आहे. तुझा ओठ माझ्या ओठाला जिथे भेटतो, तिथेच खरी परीक्षा."

मागच्या सीटवर लॉयडला खोकला आला आणि बराच वेळ थांबला नाही.

रिंक गच्च भरली होती. बटाट्याचं सारण भरलेल्या पिरोगी तळल्याचा वास सुटला होता, पोरं बर्फावर गोल गोल फिरत होती. दाराजवळच्या भिंतीवर एक मोठी चादर लावली होती. तिच्यामागे जाऊन प्रत्येकीने आपली पट्टी खुणेच्या जागी लावायची, आणि शेजारी बघायचं नाही. आर्डिथने पट्टी लावली तेव्हा डोळेच मिटून घेतले. बाहेर आल्यावर तिने लॉयडला शोधलं, तर तो जागेवर नव्हता.

"मित्रांनो," ग्वेंडाने सुरुवात केली, "आज आपण—"

आणि सगळीकडे अंधार झाला.

बायका किंचाळल्या. बर्फ गोठवणाऱ्या यंत्राची कायमची घरघर एकदम थांबली, आणि तो आवाज इतकी वर्षं चालू होता हे गावाला पहिल्यांदाच समजलं.  हा उद्योग कुणाचा, हे आर्डिथला न सांगता कळलं होतं.

"कुणी जागचं हलू नका!" स्टेफानियाचा आवाज घुमला. "बर्फावर आहेत त्यांनी खाली बसा!" काळोखात जड बुटांची पावलं ऐकू आली. न अडखळता, न धडपडता ती थेट मागच्या विजेच्या खोलीपर्यंत गेली. क्षणात दिवे लागले, आणि लॉयडला दंडाला धरून स्टेफानिया बाहेर आली.

"काय करत होतास तिथे?"

"दिवा... दिव्याचं बटण शोधत होतो."

"दिवा लागलेला असताना?"

 दंड न सोडता तिने लॉयडला सगळ्यांत पुढे आणून उभं केलं. "इथे उभा राहा. दिसशील असा. हं, ग्वेंडा, काय ते उरका. बर्फ मऊ पडायला लागेल."

ग्वेंडाने चादर ओढली.

 कपाळ छान जुळलं होतं. दोन्ही बाजूंचे डोळे तर असे, की आता ओरडतील. आणि त्यांच्या मधोमध नाक भलत्याच दिशेला निघालं होतं. ग्वेंडाच्या पट्टीत वर जाणारा ओठ आर्डिथच्या पट्टीत शिरताच खाली घसरत होता. चौघींनी एका बाईचा चेहरा शिवला होता आणि पाचवीने तिच्याशी भांडलेल्या बहिणीचा. मागे कुणीतरी हसलं, कुणीतरी त्याला कोपर मारलं.

ग्वेंडाने चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला.

"आर्डिथ," ती वर्गात म्हणायची तसं म्हणाली.

"एक मिनिट," लॉयड मध्येच बोलला.  "स्टेफानिया, ते नाक मी मोडलं होतं, तर हेही माझ्याच नावावर घाल. बायकोला बोलू नकोस."

"गप्प बस," स्टेफानिया म्हणाली आणि त्याचा दंड सोडून भिंतीपाशी गेली.

ती मधल्या पट्टीसमोर उभी राहिली. मान एका बाजूला कलंडवली. बोट उचलून नाकाच्या कडेवरून हळूच फिरवलं. मग स्वतःच्या नाकावरून फिरवलं. आर्डिथला वाटलं, आता जमीन दुभंगली तरी चालेल.

"ही मधली कुणाची?"

"माझी," आर्डिथने शाळेतल्यासारखा हात वर केला. "चूक झाली गं, स्टेफानिया. शपथेवर सांगते, मुद्दाम नाही—"

"चूक?" स्टेफानिया वळली. तिचे डोळे ओले होते, आणि हे दृश्य डनरॉसने कधी पाहिलं नव्हतं. "अगं, हे माझं नाक आहे! रोज सकाळी दात घासताना बघते. अस्संच, इकडेच वळतं. ओठही इकडूनच वर जातो. एवढं नीट कुणी बघितलं नव्हतं माझ्याकडे आजवर." मग तिने बाकीच्या पट्ट्यांवर नजर टाकली आणि तिचा आवाज नेहमीचा झाला. "आणि ही बाकीची बाई कोण? हे डोळे उलटे कुणी लावले?"

"स्टेफानिया," ग्वेंडा शांतपणे म्हणाली, "आरशात चेहरा उलटा दिसतो. आम्ही चौघींनी फोटोवरून बरोबर—"

"कुठला फोटो? नाक मोडल्यापासून मी कुणाला फोटो काढू दिलेला नाही. कुणी काढला?"

ग्वेंडा पहिल्यांदाच जमिनीकडे पाहू लागली.

"चाळीस वर्षं शाळेत शिकवलंस ना?" स्टेफानिया म्हणाली. "चार पोरांची उत्तरं सारखी आली म्हणजे ती बरोबरच असतात का? की त्यांनी एकमेकांचं बघून लिहिलेलं असतं?"

गाव खो खो हसलं.  भूमितीचा सगळा आधार ग्वेंडाच्या बाजूने होता, पण रिंक स्टेफानियाची होती.

"बाकीच्या चार दुरुस्त करून आणा," स्टेफानियाने फर्मान सोडलं. "तोवर मधली एकटीच राहू दे. लॉयड, तू काय बघतोस? थंडी आहे, जा, पिरोगी खा. माझ्याकडून."

म्हणून त्या हिवाळ्यात डनरॉसच्या रिंकच्या दारात एक उभी पट्टी टांगलेली होती, नुसतं नाक आणि अर्धे ओठ. येणारा जाणारा बुटावरचा बर्फ झटकत तिच्याकडे बघायचा आणि "स्टेफानिया!" म्हणायचा. हे नाक कुणाचं, असं एकालाही विचारावं लागलं नाही.

काही दिवसांनी ग्वेंडा आर्डिथच्या घरी आली. काखेत कापडांची पिशवी, हातात इस्त्री. कॉफी घेतली, हवेबद्दल बोलली, लॉयडच्या तब्येतीची चौकशी केली. मग तिने पिशवीतून आपली पट्टी काढून टेबलावर ठेवली. ओठ पुन्हा जुन्याच बाजूने वर गेला होता.

"दोनदा केली," ती म्हणाली. "दोन्ही वेळा अशीच. कागद हातात घेतला की हात आपोआप उलटं काढतो. इतक्या वर्षांची सवय." तिने चष्मा काढला, पण पुसला नाही, नुसता हातात धरला. "तू नेमकं काय केलं होतंस?"

"मी? विसरले होते."

"ते कळलं. पण विसरायचं कसं?"

आर्डिथने तिच्या कपात आणखी कॉफी ओतली. मंडळात आल्यापासून तिला कुणी काही विचारण्याची ही पहिलीच वेळ होती, तेव्हा उत्तराची घाई करण्यात अर्थ नव्हता.

"ते शिकवता येत नाही, ग्वेंडा," ती अखेर म्हणाली. "ते आतूनच यावं लागतं."